प्लास्टर निघालं, पण ब्रेक वेळेत लागेल का?

वाचकांचे प्रश्न

टकरीत जखमी झालेल्या बस ड्रायव्हरांविषयी या वेळी बरीच पत्रं आली. काही त्यांनी स्वतः लिहिली आहेत, काही घरच्यांनी, आणि एक चक्क मालकाने. ‘डॉक्टर म्हणतात बरा झाला’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. त्या वाक्यात डॉक्टर बोलतात हाडाबद्दल, घरचे दुखण्याबद्दल आणि मालक सोमवारच्या फेरीबद्दल. बारा मीटरची गाडी चाळीस माणसं घेऊन घाट उतरवता येईल का, हे कुणी तपासलेलंच नसतं. उत्तरं देताना आम्ही तेच धरून चाललो आहोत.

माझे मिस्टर इंदूर–पुणे स्लीपर चालवतात. पाच महिन्यांपूर्वी सेंधव्याच्या अलीकडे पुढच्या ट्रकने एकदम ब्रेक मारला आणि यांची गाडी त्यावर आदळली. हाड कुठलंच मोडलं नाही. पण मान अजून दुखते, डोकं मागून ठणकतं, झोप लागत नाही. एक्स-रे नॉर्मल आहे. मानेचा पट्टा अजून लावतात. मालक म्हणतात, नाटक करतो. — सुदामानगर

ताई, हे नाटक नाही. एक्स-रेत हाडं दिसतात. मणक्यांच्या मागच्या बाजूचे छोटे सांधे, त्यांना धरून ठेवणारे बंध आणि मानेचे खोलवरचे स्नायू त्यात दिसत नाहीत, आणि अशा टकरीत मार बसतो तो नेमका त्यांना. गाडी थांबते, छाती सीटबेल्टने किंवा स्टेअरिंगने अडते, पण साडेचार-पाच किलोचं डोकं आपल्याच वेगात पुढे जातं आणि झटक्याने मागे येतं.

या दुखण्यात पहिल्या दोन-तीन महिन्यांत बराच फरक पडतो, मग वेग मंदावतो. वर्षानंतरही साधारण निम्म्या लोकांना काही ना काही त्रास उरतो, बहुतेकांना सौम्य. म्हणजे पाच महिन्यांनी दुखतंय यात जगावेगळं काही नाही. मात्र आपोआप जाईल म्हणून हात बांधून बसण्याचे दिवसही संपले.

आधी मानेचा पट्टा काढा. मोडलेलं हाड नसताना तो दोन-चार दिवसांपलीकडे लावण्यात फायदा नाही; पाच महिन्यांत मानेचे स्नायू आळशी होतात आणि मान आणखी आखडते. एकदम काढला तर डोकं जड वाटेल, म्हणून आठवडाभरात सोडवा: पहिल्या दिवशी सकाळी एक तास बिनपट्ट्याचा, मग रोज वेळ वाढवत न्या. पट्टा लावून गाडी तर अजिबात चालवायची नाही. आरसा बघायला सगळं धड वळवावं लागतं.

मग व्यायाम. हे एकदा फिजिओथेरपिस्टकडून हात लावून शिकून घ्या, कारण हनुवटी कुठवर आणायची ते कागदावरून कळत नाही.

उताणं झोपून, उशी पातळ ठेवून, ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच मान अगदी हळू हलवायची आणि दहा सेकंद धरायची. दहा वेळा, दिवसातून दोनदा. गळ्याच्या पुढच्या दोऱ्या ताठ उभ्या राहिल्या तर जोर जास्त होतोय, कमी करा. बसून कपाळावर तळहात ठेवून डोकं हाताविरुद्ध दाबायचं, हात हलू द्यायचा नाही. पाव ताकद पुरे. पाच सेकंद, पाच वेळा, असंच दोन्ही बाजूंना आणि मागे. मान डावी-उजवीकडे फिरवणं दर दोन तासांनी, दुखेल तिथवर, त्यापुढे रेटून नाही. व्यायामानंतर दुखणं थोडं वाढून अर्ध्या-पाऊण तासात उतरत असेल तर चालतं. दुसऱ्या दिवशीही चढलेलंच राहिलं तर निम्मे करा. मालिश करणाऱ्याकडून मान कडकन मोडून घेणं मात्र बंद. बस स्टँडच्या आजूबाजूला ही कला फार स्वस्तात मिळते.

एमआरआय कधी? हातातली पकड ढिली पडली, शर्टाची बटणं लावताना बोटं चुकायला लागली, चालताना तोल जातो, मान खाली वाकवली की पाठीतून पायापर्यंत वीज गेल्यासारखी चमक येते, किंवा लघवीवर ताबा राहत नाही, यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. नसेल, तर एमआरआयवर खर्च करून बहुतेक वेळा ‘किरकोळ झीज’ एवढंच हाती येतं, आणि ती या वयात अपघाताशिवायही असते.

आणि मालकांसाठी: ‘मान दुखते’ असं लिहून आणलेली चिठ्ठी कुणी वाचत नाही. डॉक्टरांकडून हे लिहून घ्या: मान उजवीकडे किती अंश वळते, डावीकडे किती, सलग किती वेळ बसता येतं, झोपेची गोळी चालू आहे का. उभ्या गाडीत सीटवर बसून, खांदे टेकलेले ठेवून, फक्त मान वळवून दोन्ही आरसे आणि दाराची पायरी दिसते का हे मालकांनी स्वतः शेजारी उभं राहून बघावं. यात वाद घालायला जागाच उरत नाही.

वय ४४. शहरातली बस चालवतो. सात महिन्यांपूर्वी समोरासमोरच्या धडकेत उजवी नडगी मोडली, रॉड टाकला. आता काठीशिवाय चालतो. गाडीवर कधी बसू? रॉड काढून टाकावा का? — परदेशीपुरा

सपाट तोंडाच्या बसमध्ये ड्रायव्हर आणि समोरची गाडी यांच्यामध्ये पत्रा आणि काच सोडून फारसं काही नसतं. म्हणून समोरच्या धडकेत डोक्याइतकेच पाय सापडतात: नडगी, घोटा, टाच, गुडघ्याची वाटी. मांडीचा सांधा मागे सरकलेला असेल तर त्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो दीड-दोन वर्षांनीही झिजू शकतो, म्हणून जांघेत नव्याने दुखू लागलं तर दुर्लक्ष नको. तुमची गोष्ट नडगीची आहे, तीच बघू.

आधी हाड जुळलंय का. ताज्या एक्स-रेत, समोरून आणि बाजूने मिळून दिसणाऱ्या चार कडांपैकी निदान तीन ठिकाणी हाडाचा पूल बांधलेला दिसला पाहिजे. पायावर भार दिला की मोडलेल्याच जागी कळ येत असेल तर सात महिन्यांनी ते चांगलं लक्षण नाही. हाड न जुळता सगळा भार स्क्रूवर येतो आणि एक दिवस स्क्रू तुटतो. बिडी, सिगारेट चालू असेल तर हाड उशिरा जुळतं. साखर तपासलेली नसेल तर तपासा.

हाड जुळल्यावर पायाची परीक्षा. घरीच घ्या, दोन्ही पायांची, म्हणजे चांगला पायच मोजपट्टी होतो.

भिंतीसमोर पाऊल ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा, आणि अंगठा भिंतीपासून मागे सरकवत जा. गुडघा टेकतो तोवरचं जास्तीत जास्त अंतर मोजा. दोन पायांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर घोटा अजून आखडलेला आहे. अशा घोट्याने अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर जाताना पाऊल उचलायच्या ऐवजी अख्खी मांडी उचलावी लागते. मग एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करा, भिंतीला फक्त बोट लावून. चांगल्या पायाने वीस होत असतील आणि उजव्याने आठ, तर पोटरीत ताकद नाही. शेवटी खुर्चीत बसून उजवं पाऊल जमिनीवरच्या दोन खुणांमध्ये, एक वीत अंतरावर, दहा सेकंदांत जितक्या वेळा हलवता येईल तितकं हलवा. डाव्याशी तुलना करा.

परदेशात कारच्या सिम्युलेटरवर केलेल्या चाचण्यांत, घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रेक मारायचा वेळ पूर्ववत व्हायला सुमारे नऊ आठवडे लागले. पायाची लांब हाडं मोडलेल्यांना पूर्ण भार देऊन चालायला लागल्यापासून सुमारे सहा. ते आकडे कारचे आहेत, दोन मिनिटांच्या चाचणीचे. तुम्हाला तोच पाय आठ तास वापरायचा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला पावणेसतरा मीटर धावते. पाय अर्धा सेकंद उशिरा पडला की आठ मीटरहून जास्त अंतर गेलं.

म्हणून शेवटची चाचणी गाडीतच, आगारात, चाकांना दगड लावून आणि इंजिन बंद ठेवून. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून दहा मिनिटं बसा. मधूनच शेजारच्याने न सांगता ‘ब्रेक!’ म्हणावं. असं वीस वेळा. पाय घसरतो का, पेडलच्या कडेला अडकतो का, विसाव्या वेळी पहिल्याइतकाच झपाट्याने पडतो का, हे त्याने बघायचं. एअर ब्रेकच्या गाडीत इंजिन बंद असताना वारंवार पेडल दाबलं की टाकीतली हवा संपते. काटा खाली गेला तर घाबरू नका, पण हवा पुन्हा भरल्याशिवाय गाडी हलवूही नका.

हे जमलं की आधी रिकामी गाडी, मग दुपारच्या दोन छोट्या फेऱ्या, मग अर्धी ड्यूटी, असं साधारण चार आठवड्यांत वाढवा. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबून खळगा पडत असेल तर फेऱ्या वाढवू नका. अशी सूज पहिलं वर्षभर येऊ शकते; पायमोजा आणि पाय उंच ठेवून झोपणं पुरतं. पण एकाच पोटरीत अचानक गच्च सूज, दुखणं आणि धाप, ही रक्ताची गुठळी असू शकते. लगेच दवाखाना.

रॉड त्रास देत नसेल तर राहू द्या. गुडघ्याच्या पुढे, वाटीखाली, मांडी घालून बसताना किंवा गुडघे टेकताना दुखणं हे या रॉडचं नेहमीचं रडगाणं आहे. फारच झालं तर हाड पक्कं जुळल्यावर, साधारण दीड वर्षाने काढतात. काढल्यावर ते दुखणं जाईलच याची हमी सर्जनही देत नाहीत.

डावा पाय मोडलेल्यांसाठी एक ओळ: क्लच. गर्दीच्या रस्त्यावर एका फेरीत तो शेकडो वेळा दाबावा लागतो. शहरातल्या इलेक्ट्रिक बसला क्लच नसतो. बदली मागायची तर तिकडे मागा.

अपघातानंतर कमरेसाठी रोज एक दुखण्याची गोळी आणि रात्री एक ‘नसांची’ गोळी दोन वर्षं घेतोय. गोळी घेतली की गाडी नीट चालवता येते. काही वाईट आहे का? — गंगवाल बस स्टँड परिसर

आहे. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक या गोळ्या दोन वर्षं रोज म्हणजे पोटात अल्सर, मूत्रपिंडावर ताण आणि रक्तदाब वाढण्याची भीती. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि रक्तदाब या आठवड्यात तपासा. शौच डांबरासारखी काळी होत असेल तर आजच दवाखान्यात जा. दुखण्याच्या गोळीतच पुष्कळदा स्नायू सैल करणारं औषध मिसळलेलं असतं, मागचं बारीक अक्षर वाचा. त्याने आणि रात्रीच्या प्रीगॅबॅलिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिनने दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सुस्ती राहते. ती तुम्हाला जाणवत नाही, सवय झालेली असते. नसांची गोळी स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. आणि दोन्ही पायांत बधिरपणा, बसायच्या जागेवर स्पर्श न कळणं, लघवी अडणं, पाऊल लटकं पडणं असं झालं तर ती तातडीची शस्त्रक्रियेची केस असते. काही तासांचा प्रश्न असतो.

डोक्याला मार लागून तीन महिने झाले. सीटी स्कॅन ठीक होता. मला बिछान्यात कूस बदलली की घेरी येते आणि कशाचा वासच येत नाही. बाकी ठणठणीत आहे. लायसन नूतनीकरण दोन महिन्यांवर आलंय. — महू

घेरी अर्ध्या-एक मिनिटात थांबते आणि फक्त डोकं विशिष्ट बाजूला नेल्यावरच येते, असं असेल तर बहुधा आतल्या कानातले बारीक खडे जागेवरून सुटलेत. हे माराने होतं, सीटीत दिसत नाही, आणि गोळीने बरं होत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोकं ठरावीक क्रमाने फिरवून खडे जागेवर नेतात. पुष्कळदा एक-दोन वेळांत काम होतं. चक्करेच्या गोळ्या महिनोन् महिने घेत राहिलात तर उलट मेंदूला तोल सावरायला उशीर लागतो. घेरी पूर्ण थांबेपर्यंत स्टेअरिंग नाही.

वासाचं लोक हसण्यावारी नेतात. कपाळाला किंवा मागून मार बसला की नाकाच्या छतातून जाणारे वासाचे बारीक धागे तुटू शकतात. परत आलाच तर बहुतेकदा पहिल्या वर्षात येतो. सराव करता येतो: लवंग, लिंबाची साल, निलगिरीचं तेल, गुलाब. प्रत्येकाचा वास वीस सेकंद, सकाळ-संध्याकाळ, निदान तीन महिने, तो वास कसा होता ते आठवत. येत नसला तरी हुंगायचं.

ड्रायव्हरला नाक हा एक गेज असतो. क्लच प्लेट जळते, ब्रेकचे लायनर तापतात, वायरिंगचं प्लास्टिक वितळतं, डिझेल गळतं, बॅटरी जास्त चार्ज होऊन सडक्या अंड्यासारखी घाण येते, हे सगळं काट्यावर दिसण्याआधी नाकाला कळतं. बिजासन घाट उतरताना लायनरचा वास आला की अनुभवी माणूस गाडी बाजूला घेतो. तुम्हाला तो येणार नाही. तेव्हा क्लीनरला उघड सांगून ठेवा, लांबच्या उतारावर गिअर आधीच खाली घ्या, आणि थांब्यावर चाकाच्या रिमजवळ हात नेऊन गरमी बघा, स्पर्श न करता. घरीही गॅस गळतीचा अलार्म बसवा.

तीन महिन्यांच्या टप्प्यावर आणखी दोन गोष्टी विचारात घ्या. डोकेदुखी दिवसेंदिवस वाढतेय, चालताना एक पाय ओढला जातो, सुस्ती येते, असं नव्याने सुरू झालं तर पुन्हा सीटी करा. कवटीखाली हळूहळू साचणारं रक्त पहिल्या स्कॅननंतर कित्येक आठवड्यांनी दिसतं. पन्नाशीपुढच्यांत, दारू पिणाऱ्यांत आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांत जास्त. दुसरी, खाली बघितलं की एकाची दोन दिसतात का? मीटर बघताना, जिना उतरताना. एक डोळा झाकल्यावर दुसरी प्रतिमा गेली तर डोळा हलवणाऱ्या नसेला मार आहे; नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

लायसनसाठी डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतोच, आणि तुम्ही स्वतः भरायच्या फॉर्म १ मध्ये फिट (आकडी), अचानक शुद्ध हरपणं आणि चक्कर यांबद्दल स्पष्ट प्रश्न आहे. तिथे ‘नाही’ लिहून वेळ मारून नेऊ नका. उद्या काही झालं तर तो कागद सगळ्यात आधी बाहेर निघतो. दोन महिने हातात आहेत, खड्यांचा इलाज त्यात आरामात होतो. अपघातानंतर एखादी फिट आली असेल तर आधी न्यूरोलॉजिस्ट, मग फॉर्म. आणि अशा माणसाने दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल घेताना अपघाताचं सांगूनच घ्यावं. त्याने फिट येण्याची शक्यता वाढते.

भाऊ बस चालवतो. चार महिन्यांपूर्वी एक मोटरसायकलवाला समोर आला आणि गेला. भावाला ओरखडाही नाही, पोलिसांतही चूक त्याची नाही असं ठरलं. पण तो त्या वळणावरून जात नाही, लांबचा रस्ता घेतो. रात्री पितो. घरचे म्हणतात, लागलं कुठे आहे? — देवास नाका

अवजड गाडी आणि दुचाकी यांच्या धडकेत बसच्या वेगात जेमतेम फरक पडतो, म्हणून आतल्याला ओरखडाही येत नाही. समोरच्या काचेतून त्याने जे पाहिलं ते मात्र राहतं. पहिल्या महिन्यात असं होणं स्वाभाविक. बरेच जण त्यातून आपोआप सावरतात. चार महिन्यांनीही तेच दृश्य डोळ्यांपुढे येतं, ती जागा टाळली जाते, हॉर्नने दचकायला होतं, झोप मोडते, माणूस घरच्यांशी तुटक वागतो, तर तो आजार आहे आणि त्यावर नेमके उपचार आहेत.

नेमके म्हणजे: त्या प्रसंगावरच काम करणारी समुपदेशनाची पद्धत, साधारण आठ ते बारा बैठका. गरज पडली तर सर्ट्रालिनसारखं औषध. त्याचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून दहाव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून सोडू देऊ नका. झोपेसाठी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या मेडिकलवाल्याकडून परस्पर घेणं टाळा. सवय लागते, मूळ दुखणं लांबतं, आणि सकाळी गाडी चालवायची असते. दारूचंही तसंच, झोप लागते पण पहाटे तीनला मोडते.

वळण टाळू देऊ नका, पण ढकलूही नका. पायऱ्या करा: आधी कुणाच्या तरी मागे बसून दिवसा तिथून जाणं, मग तिथे उतरून दहा मिनिटं उभं राहणं, मग स्वतः दुचाकीवर, मग रिकामी बस, मग प्रवासी घेऊन. प्रत्येक पायरी छातीतली धडधड निम्म्यावर येईपर्यंत परत परत. हे उपचार करणाऱ्याच्या देखरेखीखाली जास्त चांगलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. आणि घरात ‘चूक तुझी नव्हती’ हे दिवसातून चार वेळा सांगणं थांबवा. त्याला ते माहीत आहे.

माझ्या ११ बस आहेत. अपघातातून आलेल्या ड्रायव्हरला हलकं काम म्हणून सध्या सामान चढवायला ठेवलंय. बरोबर आहे ना? — लोहामंडी

शेठजी, मनात चांगलं आहे, पण काम उलटं दिलंत. टपावर तीस किलोचं पोतं फेकणं हे गाडी चालवण्यापेक्षा मान-कमरेला कितीतरी वाईट. बुकिंग, वेळापत्रक, नव्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून मार्ग दाखवणं, सुटण्याआधीची गाडीची तपासणी, ही हलकी कामं.

परत येईल तेव्हा त्याची सीट बघा. सीटवर जोरात बसून उठल्यावर ती एकदा हलून थांबली पाहिजे. झुलत राहिली तर डॅम्पर (धक्का शोषणारा भाग) गेला. रेलचे बोल्ट घट्ट हवेत. सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची घडी यांत दोन बोटं जागा ठेवा, क्लच तळाला दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहू दे. पाठ साधारण शंभर अंशांवर, कमरेच्या पोकळीत गुंडाळलेला टॉवेल. डोक्याचा टेकू डोक्याच्या वरच्या टोकाच्या पातळीत आणि डोक्यामागे जेमतेम चार बोटं; मानेमागे आलेला टेकू टकरीत मान मोडायलाच मदत करतो. पॉवर स्टेअरिंगचं तेल कमी असेल तर दुखरा खांदा दोन दिवसांत परत घरी बसेल. आणि सुरुवातीचा महिना रात्रीची फेरी नको.

ऑगस्ट २०२४ मध्ये ड्यूटीवर असताना अपघात झाला, तेव्हा वय ४०. उजवा घोटा कायमचा आखडला. अपंगत्वाचा दाखला ३० टक्क्यांचा मिळाला. मालकाने कामावरून काढलं. त्याचा विमावाला ३० टक्क्यांचेच पैसे देतो म्हणतो. बडोद्याचा मेहुणा एसटीत आहे, तो म्हणतो तुला काढूच शकत नाहीत. — राऊ

मेहुण्याचं त्याच्यापुरतं बरोबर आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २०(४): सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. गुजरात एसटी त्यात येते. खासगी बसमालक येत नाही.

तुमचा मार्ग नुकसानभरपाईचा. आधी पगारपत्रकावर ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) नंबर आहे का बघा. असेल तर मालकाकडून भरपाई मागता येत नाही, पैसे ईएसआयकडून मिळतात. मालकाने अपघाताचा फॉर्म १२ भरलाय का ते नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये जाताना विचारून जा. ईएसआय नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ (त्यातल्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या आहेत, तुमचा अपघात जुन्या कायद्याच्या काळातला). इथे टक्क्यांचा खेळ समजून घ्या. दाखल्यावरचे ३० टक्के पायाचे आहेत. भरपाई ठरते ती कमाई किती बुडाली यावर. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात हाच फरक सांगितला आहे, आणि उदाहरणही ड्रायव्हरचंच घेतलं आहे: डावा हात गेलेल्या माणसाचं शारीरिक अपंगत्व ६० टक्के धरलं, तरी तो ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते.

आकड्यांत: पगार १५,००० पर्यंतच धरतात, त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला वयानुसार कायद्यातल्या गुणकाने गुणतात; वय ४० चा गुणक १८४.१७. शंभर टक्के कमाई बुडाली असेल तर १६,५७,५३०. तीस टक्के धरले तर ४,९७,२५९. मधले साडेअकरा लाखांहून अधिक रुपये एका डॉक्टरांच्या एका वाक्यावर अवलंबून आहेत. शंभर टक्के मिळतीलच असं नाही, दुसरं काम जमतं का तेही बघतात. पण तीसवर गप्प बसायचं कारण नाही.

ते वाक्य ‘घोट्याची हालचाल मर्यादित’ असं नको. घोटा वर किती अंश येतो, खाली किती, ब्रेकचं पेडल झटक्याने दाबता येतं की नाही, फॉर्म १-ए देता येईल का, आणि ड्रायव्हर म्हणून कमाईची क्षमता किती टक्के गेली, हे शेवटचं स्पष्ट शब्दांत. डॉक्टरांना साक्षीलाही यावं लागतं, तेव्हा आधीच विचारून ठेवा.

चूक तुमचीच होती असं कुणी म्हणालं तरी या कायद्यात दावा पडत नाही. नशेत असणं किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं वेगळं. दुसऱ्या गाडीची चूक असेल तर मोटार अपघात दावा प्राधिकरण हाही रस्ता असतो, पण एकाच इजेसाठी दोन्हीकडे मागता येत नाही आणि तिथे मुदत अपघातापासून सहा महिन्यांची. नुकसानभरपाई कायद्याखाली आयुक्तांपुढच्या दाव्याची मुदत दोन वर्षं, अपघाताच्या तारखेपासून. उलटली असेल तर उशिराचं कारण कागदांसह द्यावं लागतं, उपचार चालू होते हे कारण धरलं जाऊ शकतं. म्हणून डिस्चार्ज कार्ड, सगळे एक्स-रे, एफआयआरची प्रत, ट्रिपशीट, पगार बँकेत आला असेल तर पासबुक, रोख असेल तर एखादा सहकारी साक्षीदार, आणि बसच्या विम्याची प्रत या आठवड्यातच एकत्र करा. विमावाल्याने ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेल्या पावतीवर सही मागितली तर वकिलांना दाखवल्याशिवाय करू नका.